कालवांची जमीन

चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर नावाचं पात्र आहे. गरिबी असेल तिथे कालवं असायचीच, असं त्याचं निरीक्षण. कादंबरी १८३६-३७ मधली. त्या काळी लंडनच्या गल्लीबोळांत कालवं विकणाऱ्यांच्या हातगाड्या असत आणि मटण न परवडणारा माणूस कालवांवर भूक भागवत असे. १८६४ या एका वर्षात लंडनने सुमारे ७० कोटी कालवं फस्त केली, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. आज तिथे देशी कालव हा श्रीमंती खानावळीतला पदार्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटनमधली देशी कालवं ९५ टक्क्यांनी घटली. मायकेल बेक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा एकूण ८५ टक्के कालवभित्ती नाहीशा झाल्याचं दिसलं. प्रवाळभित्तींबद्दल आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकतो. कालवांनीही समुद्रतळावर अशाच भित्ती उभारल्या होत्या, हे मात्र किनाऱ्यावरच्या लोकांच्याही आठवणीतून गेलं आहे.

या लेखात मुख्यतः युरोपच्या देशी चपट्या कालवाचा आढावा घेतला आहे, कारण त्याच्या ऱ्हासाची कागदपत्रं सर्वांत जुनी आणि सर्वांत भरघोस आहेत. त्यानंतर इतर खंडांतले प्रयोग आणि शेवटी आपल्या कोकणच्या खाड्या. सगळं वाचून झाल्यावर हाती येणारी गोष्ट एकच. कालव संपतं तेव्हा एक प्राणी कमी होतो, एवढंच घडत नाही. पुढच्या पिढीने बसायची जागाही जाते. ती जागा परत दिल्याशिवाय नुसतं बी सोडून, मासेमारी थांबवून किंवा कायदा करून काही भागत नाही.

एका जागी बसलेलं आयुष्य

युरोपचं देशी कालव, म्हणजे ऑस्ट्रिया एड्युलिस, नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंत आणि भूमध्य समुद्रातून काळ्या समुद्रापर्यंत आढळतं. डावी शिंप वाटीसारखी खोलगट, उजवी तिच्यावर झाकणासारखी सपाट. डाव्या शिंपेनेच ते तळाला चिकटतं आणि एकदा चिकटलं की आयुष्यभर तिथेच राहतं.

याचं लिंग कायम नसतं. वयात येताना ते बहुधा नर असतं, पुढे मादी होतं, पुन्हा नर होतं. नराने पाण्यात सोडलेल्या शुक्रपेशी मादी श्वासाच्या पाण्याबरोबर आत ओढून घेते आणि अंडी शिंपेच्या आतच फळतात. आठ-दहा दिवस पिल्लं आईच्या कल्ल्यांपाशी वाढतात. या दिवसांत कालव उघडलं तर आतला भाग आधी दुधाळ, मग करडा आणि शेवटी काळपट दिसतो, कारण लाखो पिल्लांच्या अंगावर कवच धरू लागलेलं असतं. असं कालव खाताना दाताखाली कचकचतं. मे ते ऑगस्टमध्ये कालवं खाऊ नयेत, ही युरोपातली जुनी रीत यातून आली. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात १४ मे ते ४ ऑगस्ट या काळात देशी कालवांच्या विक्रीवर बंदी आहे, तिचंही मूळ हेच. एक मोठी मादी एका वेळी दहा लाखांच्या घरात पिल्लं सोडते.

ही पिल्लं एक-दोन आठवडे पाण्यात तरंगतात. मग येतो त्यांच्या आयुष्यातला एकमेव निर्णय. जेमतेम पाव ते तीन दशांश मिलिमीटरच्या या जिवाला तोवर एक डोळ्यासारखा ठिपका आणि एक चिमुकला पाय फुटलेला असतो. तळाशी उतरून ते त्या पायाने चाचपत सरपटतं. चिखल लागला तर पुन्हा पोहू लागतं, कडक आणि स्वच्छ पृष्ठभाग लागला तर रेंगाळतं. तिथे आधीच आपल्या जातीची कालवं असतील तर त्यांच्यापासून पाण्यात मिसळणाऱ्या रसायनांची त्याला चाहूल लागते आणि ते तिथेच थांबण्याची शक्यता वाढते. जागा पटली की पायातल्या ग्रंथीतून सिमेंटसारखा थेंब सोडून डावी बाजू त्यावर टेकवतं. काही दिवसांत पायही जातो आणि डोळाही. दोन्हींची गरज संपलेली असते.

या पिल्लाला सर्वांत जास्त काय आवडतं? कालवाचंच कवच, मग ते जिवंत असो वा रिकामं. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या आवडीत आहे.

भित्ती आणि तिचा शेजार

कवचावर कवच, त्यावर आणखी कवच असं शतकानुशतकं चालत राहिलं की मऊ गाळाच्या तळावर एक टणक, खडबडीत, भेगाभेगांचा थर तयार होतो. त्या भेगांत कोळंबीची पिल्लं लपतात, कृमी नळ्या बांधतात, मासे अंडी घालतात, स्पंज आणि समुद्रपुष्पं मूळ धरतात. शिवाय कालव सतत पाणी गाळून त्यातलं वनस्पतीप्लवक खातं. मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं, असं सांगतात. हा वरच्या टोकाचा आकडा आहे आणि थंड किंवा फार गढूळ पाण्यात तो बराच खाली येतो, हे मात्र प्रचारपत्रकांत येत नाही. नको असलेले कण कालव चिकट गोळ्या करून तळाला टाकतं. त्यामुळे पाणी नितळ होतं, उजेड खोलवर पोचतो, आणि तळाच्या गाळातले जिवाणू पाण्यातल्या जादा नायट्रोजनचा काही भाग वायुरूपात हवेत परत पाठवतात.

जीवशास्त्रातली एक मोठी कल्पना कालवांच्या तळावरच जन्मली, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर फ्रान्ससारखी कालवशेती करता येईल का, हे तपासायचं काम प्रशियाच्या सरकारने कार्ल मोबियस या प्राणिशास्त्रज्ञाकडे सोपवलं. १८७७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. कालवाचा तळ ही निव्वळ कालवांची गर्दी नसून ठरावीक परिस्थितीत एकमेकांवर अवलंबून राहणाऱ्या जीवांचा समुदाय आहे, असं त्याने मांडलं आणि त्याला ‘बायोसिनोसिस’ हे नाव दिलं. पुढे परिसंस्थेचा जो विचार वाढला, त्याच्या मुळांपैकी हे एक. मोबियसने आणखी एक गोष्ट टिपली होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ज्या तळांवरून कालवं बेसुमार काढली गेली, तिथे दुसऱ्याच शिंपल्यांनी जागा बळकावली होती आणि कालवं परत आली नव्हती. समुदायातला एक घटक उचकटला की बाकीचे त्याची वाट पाहत थांबत नाहीत, हे त्याने दीडशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं.

ऱ्हासाची कारणं

कालवं माणूस फार पूर्वीपासून खातो. रोमन लोकांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरून ती रोमपर्यंत नेली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुरुवातीला सर्जियस ओराटाने इटलीतल्या बाये इथे कालवांचे कृत्रिम मळे केल्याची नोंद प्लिनीने केली आहे. पण हजारो वर्षं हात, आकडी आणि लहान होडी यांनी जे संपलं नाही, ते एकोणिसाव्या शतकात दोन-तीन पिढ्यांत संपलं. त्याला तीन गोष्टी कारण झाल्या.

पहिली, लोखंडी चौकटीचं ओढजाळं. हे जाळं तळ खरवडत जातं. कालवांबरोबर रिकामी कवचंही वर येतात, आणि ती समुद्रात परत न जाता रस्त्यांच्या भरावात, चुन्याच्या भट्टीत किंवा शेतात जातात. पीक कापताना शेतातली मातीच उचलून न्यावी, तसा हा प्रकार. दुसरी, रेल्वे. पूर्वी किनाऱ्यापासून दूरच्या गावांत ताजं कालव मोठ्या प्रमाणावर पोचत नसे. रुळांनी ती मर्यादा पुसून टाकली आणि गिऱ्हाईक एका गावावरून अख्ख्या देशाएवढं झालं.

तिसरी गोष्ट म्हणजे धोरण. १८६३ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशनमध्ये थॉमस हक्स्ले होता. डार्विनचा खंदा समर्थक आणि त्या काळचा बिनीचा जीवशास्त्रज्ञ. कमिशनने १८६६ मध्ये कौल दिला, की कालवांच्या टंचाईला अतिमासेमारी जबाबदार नाही, एकामागून एक वर्षं पिल्लं नीट धरली नाहीत म्हणून ती आली. तेव्हा खुल्या समुद्रातल्या मासेमारीवरचे निर्बंध काढून टाकावेत. १८६८ च्या कायद्याने बरेचसे निर्बंध गेले. पिल्लं धरत नव्हती, हे खरंच होतं. पण बसायला कवचं आणि जवळपास पुरेशी जाणती कालवं नसतील तर पिल्लं धरणार कुठे, हा पुढचा प्रश्न विचारला गेला नाही.

स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थमध्ये ऐन भरात वर्षाला सुमारे ३ कोटी कालवं निघत. १९५७ मध्ये शोध घेतला तेव्हा तिथे जिवंत कालव मिळालं नाही. उत्तर समुद्राच्या मधोमध, किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यातही भित्ती होत्या. ओल्सेनच्या १८८३ च्या मासेमारी नकाशात त्या पट्ट्याची नोंद आहे. आज तिथे वाळू आणि चिखल आहे. २०२४ मध्ये रूथ थर्स्टन आणि फिलिने झू एर्मगासेन यांच्या गटाने जुनी पुस्तकं, नकाशे, वर्तमानपत्रं आणि सरकारी अहवाल धुंडाळून युरोपभरच्या भित्तींचा हिशेब मांडला. क्षेत्र निघालं १७ लाख हेक्टरांहून जास्त, म्हणजे ढोबळमानाने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याएवढं. ही परिसंस्था युरोपभर कोसळली आहे, असा त्याच शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. कालवं इकडेतिकडे सापडतात. भित्ती जवळपास नाहीत.

उरलंसुरलं प्रदूषणाने आणि हवामानाने नेलं. १० नोव्हेंबर १९०२ रोजी विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन इथल्या महापौरांच्या मेजवान्यांत एम्सवर्थची कालवं वाढली होती. पाहुण्यांना विषमज्वर झाला, विंचेस्टरच्या डीनसह काही जण दगावले. एम्सवर्थच्या कालवतळांवर गावाचं मैलापाणी सोडलं जात होतं. त्या गावाचा धंदा तिथेच बसला. पुढे १९६२-६३ च्या कडाक्याच्या थंडीत एसेक्सच्या खाड्यांतली बहुतांश कालवं गोठून मेली.

परक्यांना आणून काय झालं

देशी कालव कमी पडू लागलं की धंदेवाल्यांनी दर वेळी एकच उपाय केला. दुसरीकडून आणा. या उपायाचा इतिहास एखाद्या तक्रारवहीसारखा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेहून एसेक्समध्ये कालवं आणली गेली. ती फारशी टिकली नाहीत, पण त्यांच्याबरोबर एक गोगलगायीचा प्रकार आला, स्लिपर लिंपेट. एकमेकांच्या पाठीवर बसून थर करणारा हा प्राणी आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे कितीतरी तळ व्यापून बसला आहे. कवच पोखरून कालव खाणारी अमेरिकन गोगलगायही त्याच वाटेने आली.

फ्रान्सची कथा आणखी लांबलचक आहे. १८६८ मध्ये पोर्तुगालहून कालवं घेऊन निघालेलं ‘मॉर्लेझियाँ’ हे जहाज वादळामुळे जिरोंद नदीच्या मुखात थांबलं. माल सडला असं समजून तो पाण्यात टाकून दिला. सगळा सडला नव्हता. ‘पोर्तुगीज कालव’ फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं आणि शंभर वर्षं धंद्याचा कणा होऊन राहिलं. जनुकीय अभ्यासाने पुढे दाखवलं की ते मुळात पोर्तुगालचंही नव्हतं, पूर्व आशियातलं होतं. जुन्या व्यापारी जहाजांबरोबर ते युरोपात आलं असावं. १९७० च्या सुमाराला विषाणूच्या साथीने ते बुडालं. मग जपानहून पॅसिफिक कालव आणलं. ते भराभर वाढतं, चिवट आहे, आणि आज युरोपात खाल्लं जाणारं बहुतेक कालव तेच असतं.

याच धामधुमीत देशी कालवावर मोठा घाव बसला. १९७९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात बोनामिया हा एकपेशीय परजीवी सापडला. तो कालवाच्या रक्तपेशींत शिरतो आणि साधारण दोन-तीन वर्षांचं, ऐन विक्रीच्या वयाचं कालव मारतो. माणसाला त्यापासून धोका नाही. १९८२ पर्यंत तो इंग्लंडला पोचला. त्याच्या आधी मार्टेलिया हा दुसरा परजीवी फ्रान्समध्ये पसरलाच होता. जिवंत कालवांची एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर ने-आण हा या रोगांचा राजमार्ग ठरला.

पॅसिफिक कालवाबद्दल मात्र एकतर्फी निकाल देता येत नाही. १९८६ मध्ये जर्मनीच्या सिल्ट बेटावर त्याची शेती सुरू झाली. तिथलं थंड पाणी त्याला मानवणार नाही, असं मानलं गेलं होतं. ते कुंपण ओलांडून वाडन समुद्रभर पसरलं. पण त्यानेही भित्ती बांधल्या. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या फोरडेल्टा भागात देशी कालवांची एक नैसर्गिक वसाहत सापडली, तीही पॅसिफिक कालवांत मिसळलेली. कालवाच्या पिल्लाला कवच हवं असतं. ते कोणाचं, याची ते फार चौकशी करत नाही.

पुन्हा वसवण्याचे प्रयोग

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘कालव वाचवा’ची जागा ‘कालव परत आणा’ने घेतली आहे. युरोपातल्या प्रकल्पांनी २०१७ मध्ये बर्लिनमध्ये एकत्र येऊन एक संघटन उभं केलं. स्कॉटलंडच्या डॉर्नोक खाडीत हेरियट-वॉट विद्यापीठ, मरीन कॉन्झर्व्हेशन सोसायटी आणि ग्लेनमॉरेन्जी ही व्हिस्की कंपनी यांनी मिळून आधी काही शे, मग हजारो कालवं सोडली. त्या खाडीतून देशी कालव शंभरेक वर्षांपूर्वी नामशेष झालं होतं. फर्थ ऑफ फोर्थमध्ये २०२३ पासून कालवं परत जाऊ लागली आहेत. एसेक्समध्ये २०१३ साली खास देशी कालवांसाठी सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. तिथे तळावर आधी कवचांचे आणि खडीचे ढीग पसरले, मग त्यावर जाणती कालवं ठेवली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सोलंट सामुद्रधुनीत १९७० च्या दशकात युरोपातल्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक कालव-मासेमारीपैकी एक होती; ती २०१३ मध्ये बंद करावी लागली. आता तिथल्या बंदरांत नौकांच्या तरंगत्या धक्क्यांखाली पिंजरे टांगून त्यांत आई-कालवं ठेवतात. पण नुसता पिंजरा टांगून भागत नाही. त्यातून सुटलेली पिल्लं खाली उतरतील तेव्हा त्यांना टणक तळ मिळेल का, यावर सगळं अवलंबून.

अनपेक्षित मदत पवनचक्क्यांकडून मिळाली. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या परिसरात तळ खरवडणारी जाळी सहसा चालत नाहीत. नेदरलँड्सच्या लुख्टरदाउनन प्रकल्पात २०१८ मध्ये पिंजऱ्यांतून कालवं सोडून चाचणी घेतली गेली. जर्मनीत बोरकुम रीफ ग्राउंड भागात, पूर्वी जिथे कालवं होती त्या खोल पाण्यात, आल्फ्रेड व्हेगेनर संस्थेचे प्रयोग चालू आहेत. हेल्गोलांड बेटावर रोगमुक्त बी तयार करायची हॅचरी त्यासाठीच आहे.

अटलांटिकपलीकडे हेच काम जास्त मोठ्या प्रमाणावर झालं. चेसापीक उपसागरात कालवांचं प्रमाण पूर्वीच्या एक टक्क्याच्या आसपास उरलं होतं. पूर्वी तिथली कालवं आठवडाभराच्या आत सगळ्या उपसागराएवढं पाणी गाळत, आता त्याला जवळपास वर्ष लागेल, असा अंदाज रॉजर न्यूवेलने १९८८ मध्ये मांडला. त्या आकड्यावर पुढे वाद झाले, पण त्यानेच लोकांचं लक्ष वेधलं. मेरीलँडच्या हॅरिस क्रीकमध्ये शेकडो एकरांवर भित्ती उभारल्या गेल्या. न्यूयॉर्कमध्ये २०१४ पासून ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ हॉटेलांतली रिकामी कवचं गोळा करतो, महिनोन्‌महिने उन्हापावसात ठेवून निर्जंतुक करतो आणि त्यावर पिल्लं धरवून ती बंदरात सोडतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात तिथलं देशी चपटं कालव जवळपास संपलं होतं. विंडारा इथे २०१७ पासून चुनखडीचे दगड टाकून २० हेक्टरांची भित्ती बांधली. पाया घातल्यावर कालवं बसली, पायाविना बसली नाहीत, हा सगळीकडचा समान अनुभव.

अडलेले प्रश्न

तरीही सगळं सुरळीत नाही. पहिली अडचण बियाण्याची. देशी चपट्या कालवाची रोगमुक्त पिल्लं पुरेशी मिळत नाहीत. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जाणती कालवं हलवली तर बोनामिया हलतो, आणि हॅचरीत थोड्या आईबापांपासून पैदास केली तर वाणाची विविधता घटते. आयर्लंडमध्ये बोनामियाला तग धरणारी कालवं निवडून वाढवण्याचं काम कॉर्क बंदराच्या परिसरात अनेक वर्षं चाललं आहे. त्यातून आशा आहे, पण ते पिढ्यांचं काम आहे.

दुसरा प्रश्न, खायचं की राखायचं? याचं उत्तम उत्तर कॉर्नवॉलच्या फाल खाडीत मिळतं. तिथे एकोणिसाव्या शतकापासून नियम आहे, की कालवं काढणाऱ्या नौकेने इंजिन वापरायचं नाही. शिडाची होडी वाऱ्यावर आडवी सरकवत माणूस जाळं ओढतो, किंवा छोट्या पडावात बसून हाताने रहाट फिरवतो. वर आलेलं कालव साधारण ६७ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून घालून पाहतात. आरपार गेलं तर लहान, परत पाण्यात. रिकामी कवचंही तिथल्या तिथे सोडतात. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. वारा पडला की काम बंद. किती कालवं काढायची हे कागदावर ठरवण्याऐवजी ती कशी काढायची हे ठरवलं, आणि बोनामिया येऊनही तिथली मासेमारी आजवर तगली. स्कॉटलंडच्या लॉक रायनमध्ये १७०१ च्या राजसनदेने एकाच घराण्याकडे हक्क आहे, तिथेही तळ टिकून आहे. इथे राजेशाहीची भलामण करायची नाही. ज्याला उद्याही तिथूनच काढायचं आहे, तोच आज हात आखडता घेतो, इतकाच अर्थ.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. किती कालवं सोडली, हा आकडा छायाचित्रासह छापून येतो. पाच वर्षांनी तिथे आपणहून धरलेली पिल्लं किती, हा आकडा क्वचित येतो. प्रकल्पाचं यश मात्र त्यातच आहे. फोर्थमधून वर्षाला कोटींनी कालवं निघत, तिथे आज हजारांनी जात आहेत, हेही विसरून चालणार नाही.

कोकणच्या खाड्या

आपल्याकडची कालवं वेगळ्या जातींची. खडकाळ किनाऱ्यावर धारदार कडांचं सॅकोस्ट्रिया क्युक्युलाटा, खाड्यांत मोठं वाढणारं क्रॅसोस्ट्रिया ग्रिफॉइडिस, दक्षिणेकडे जास्त आढळणारं क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस. ही कालवं पिल्लं पोटाशी धरत नाहीत. अंडी आणि शुक्रपेशी दोन्ही थेट पाण्यात सुटतात. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरतो, त्याच्याशी त्यांच्या विणीचं गणित बांधलेलं असतं. त्यांच्या अभ्यासाची परंपरा मुंबईची आहे. पी. आर. आवटी आणि एच. एस. राय यांनी मुंबईच्या खडकांवरच्या कालवावर १९३१ मध्ये लिहिलेला ग्रंथ भारतीय प्राणिशास्त्राच्या मालिकेत निघाला. पुढे व्ही. एस. दुर्वे आणि डी. व्ही. बाळ यांनी केळव्याच्या खाडीतल्या कालवांची वाढ आणि वीण तपासली. कालवशेतीचा विचारही नवा नाही. मद्रास इलाख्याचे मत्स्यतज्ज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी फ्रान्समधल्या आर्काशों इथली पद्धत इथे चालेल का, यावर १९१० मध्ये लिहिलं. तुतिकोरिनच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून तंत्र विकसित झालं आणि ते केरळच्या बॅकवॉटरमध्ये रुजलं.

कोकणात कालवं काढण्याचं काम बहुतेक बायकांचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी लांबवर ओसरतं, तेव्हा त्या टोकदार हत्यार आणि भांडं घेऊन खडपावर उतरतात. वाकून एक ठोका, वरची शिंप उडते. टोकाने आतला गर खरवडून भांड्यात. खालची वाटी खडकाला तशीच राहते. भरती वर चढेपर्यंत हे चालतं. दिवसभराच्या वाकण्याला मिळणारा पैसा बेताचा आणि पायांना चिरा कायमच्या. पण खालची वाटी जागेवर राहणं फार मोलाचं आहे. पुढच्या पिल्लाला लागणारा पृष्ठभाग तीच पुरवते. युरोपने ओढजाळ्याने जे गमावलं, ते या हातकामात आपोआप जपलं गेलं. ही पद्धत कोणी मागास म्हणून हिणवू नये.

कालवशेतीतही तेच तत्त्व वापरतात. रिकाम्या शिंपा भोक पाडून दोरीत ओवायच्या, त्या माळा खाडीत टांगून पिल्लं धरवायची आणि बांबूच्या मांडवावर वाढवायच्या. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) सागरी जैवविविधता प्रकल्पात महिला बचतगटांनी हे केलं. राज्याच्या कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजनेत २०१७ पासून खेकडापालनाबरोबर कालवपालनही आहे. शेती वाढली तर रानातल्या कालवांवरचा ताण हलका होईल, हा हिशेब रास्त आहे. पण बी रानातूनच येतं, म्हणून रान राखणं शेतीचीच गरज ठरते.

धोके मात्र युरोपच्या वळणावरचे दिसतात. शहरांलगतच्या खाड्यांत मैलापाणी उतरतं, आणि गाळून खाणारा प्राणी ते सगळं अंगात साठवतो. एम्सवर्थची मेजवानी १९०२ मधली असली तरी धडा शिळा नाही. रेती उपशाने तळ ढवळला जातो, भरावाने खाजणं बुजतात. शिंपल्यांचा चुना भाजण्याची जुनी रीत खाडीतून नेमकी तीच गोष्ट बाहेर काढते, जी कालवाला हवी असते. केरळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेला एक परका शिंपला अष्टमुडीसारख्या बॅकवॉटरमध्ये पसरला आणि देशी शिंपल्यांना डोईजड झाला, हे ताजं उदाहरण आहे. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत ज्याच्या अर्धपारदर्शक शिंपा काचेऐवजी बसवल्या जात, त्या प्लॅक्युना शिंपल्याला २००१ मध्ये वन्यजीव कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. तो खरं कालव नव्हे, पण खाडीच्या त्याच तळाचा रहिवासी.

मग करायचं काय? युरोप दीडशे वर्षांत जे शिकला, त्यातून आपल्याला चार कामं सरळ उचलता येतील. कोणत्या खाडीत कोणत्या जातीची किती कालवं आहेत, याची नोंद दर काही वर्षांनी व्हावी आणि त्यात कालवं काढणाऱ्या बायकांची माहिती जमेस धरावी. पाण्याच्या शुद्धतेनुसार खाड्यांची वर्गवारी करून ती गावातल्या फलकावर लावावी. परदेशी जातीचं बी, जलद वाढतं म्हणून, कोणत्याही योजनेत आणू नये. आणि खानावळींतल्या, घरांतल्या रिकाम्या शिंपा कचऱ्यात न टाकता वाळवून खाडीकडे परत जाव्यात. याला यंत्र लागत नाही, अनुदानही फारसं नाही.

उत्तर समुद्रात आज पिंजरे, पाणबुडे, हॅचऱ्या आणि मोठाली बजेटं लावून जे परत उभं करायची धडपड चालू आहे, ते कोकणातल्या अनेक खडपांवर अजून उभं आहे. राखण्याचा खर्च परत आणण्याच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य असतो, आणि राखायची संधी एकदाच मिळते. ती अजून आपल्या हातात आहे.